मोटरला दोष देण्याआधी: डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल लावताना या चुका टाळा

"आवाज लहरतोय, मोटर गेली वाटतं." ओळखीत कुणी टर्नटेबल घेतलं की महिन्याभरात हे वाक्य माझ्या कानावर येतंच. त्यावर मी एकच काम सांगते. रेकॉर्डच्या लेबलवर कागदाचा छोटा तुकडा ठेवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि फेऱ्या मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बरोबर ३ मिनिटांत १०० फेऱ्या भरायला हव्यात. लोक मोजतात, आणि त्या शंभरच भरतात.

मग लहरतंय काय? सुई रेकॉर्डवर असताना टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीकडे, अगदी वरून बघा. तो डावी-उजवीकडे झुलत असेल, दर १.८ सेकंदाला एकदा, तर रेकॉर्डचं भोक मध्यावर पाडलेलं नाही. तो वर-खाली होत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे. दुसरी रेकॉर्ड लावली की लहर गायब. मोटरचा यात काही संबंध नाही.

हे इतक्या ठामपणे म्हणायला कारण आहे. बेल्टच्या टर्नटेबलमध्ये छोटी मोटर भरभर फिरते आणि रबरी पट्टा तो वेग कमी करून प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या गोल तबकाला, देतो. पट्टा सैल होतो, चिकट होतो, वेग ढळतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर थेट मोटरवरच बसतो आणि मोटर मुळातच ३३⅓ च्या संथ गतीने फिरते. मात्सुशिता या जपानी कंपनीने १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० बाजारात आणला तो हीच रचना घेऊन. १९७२ मध्ये एसएल-१२०० आला आणि १९७९ च्या एमके-२ मध्ये वेगावर क्वार्ट्झचा पहारा बसला. वेग जरा चुकला की सर्किट तो तिथल्या तिथे सुधारतं. २०१० मध्ये कंपनीने हे टर्नटेबल बंद केलं होतं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं. चाळीस वर्षं वापरलेले सेट आजही अचूक फिरताना मी पाहिलेत. म्हणून माझं सांगणं एवढंच, की दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी सेट ठेवलाय कुठे, दांडी तोललीय कशी आणि वायरी गेल्यात कुठे हे बघा. दोष बहुतेक वेळा तिथे सापडतो.

हार्मोनियमवर वेग तपासू नका

ही चूक पुण्यात फार होते, कारण कान तयार असलेली माणसं इथे घरोघरी आहेत. गायनाची एलपी लावायची, शेजारी पेटी किंवा तंबोऱ्याचं ॲप घ्यायचं आणि षड्ज जुळत नाही म्हणून टर्नटेबलला नापास करायचं. पण मैफलीत तंबोरे गायकाच्या गळ्याला लागतात, ॲपच्या काळी एकला नाही. रेकॉर्डमधला सा काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये निघाला तर तो तसाच गायलेला असू शकतो.

कानापेक्षा ठिपक्यांवर भरवसा ठेवा. टेक्निक्सच्या प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी असतात आणि त्यांतली मोठ्या ठिपक्यांची ओळ बिनफरकाच्या वेगाची. स्ट्रोबच्या, म्हणजे भरभर उघडझाप करणाऱ्या दिव्याच्या, उजेडात ती ओळ गोठल्यासारखी उभी दिसली की वेग बरोबर. ती सरकत असेल तर आधी वेग कमी-जास्त करणारी पिचची सरकपट्टी शून्यावर आहे का ते बघा. डीजेंसाठीची ही सोय घरात पुसापुशी करताना नकळत सरकते. एमके-२ वर ती ८ टक्क्यांपर्यंत वेग बदलते आणि ६ टक्के म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पट्टी. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो.

इंटरनेटवरून छापून घेतलेल्या, वेग तपासायच्या रेघांच्या स्ट्रोब-चकतीबाबतही सावध राहा. अमेरिकेतली चकती ६० हर्ट्झच्या विजेसाठी असते आणि तिच्यावर ३३⅓ साठी २१६ रेघा असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे १८० रेघांची चकती हवी. शिवाय घरातल्या बऱ्याच एलईडी दिव्यांना विजेच्या लयीतली ती उघडझाप नसतेच, त्यामुळे त्यांच्या उजेडात चकती काहीच दाखवत नाही. साधा पिवळा बल्ब घ्या.

मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका

आमच्या नात्यातल्या एका दादाने ओसाकाहून सेट आणला. इतका जपून आणला होता की प्रवासात एक ओरखडा उठला नाही. घरी आल्यावर पिनचा ॲडॅप्टर लावला आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला. मंद जळका वास आला आणि दिवा विझला. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. ॲडॅप्टरने पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाहीत. आतला ट्रान्सफॉर्मर गेला आणि त्या जागी दुसरा बसवायला चार महिने गेले. काही मॉडेलांत व्होल्टेज निवडायची सोय असते, सगळ्यांत नसते. नसेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो. असं टर्नटेबल २० वॉटच्या आत वीज खातं, त्यामुळे फार मोठा घ्यायची गरज नाही. ५० आणि ६० हर्ट्झची चिंता मात्र करू नका. क्वार्ट्झवर चालणाऱ्या मोटरला त्याने फरक पडत नाही.

स्पीकरच्या डोक्यावर टर्नटेबल

हॉल लहान, टीव्हीचं युनिट एकच, म्हणून त्याच लाकडी खोक्यावर दोन्ही टोकांना स्पीकर आणि मध्ये टर्नटेबल. फोटोत छान दिसतं. पण सुईचं काम सूक्ष्म थरथर पकडणं हेच आहे. ती थरथर रेकॉर्डच्या खाचेतून आली की स्पीकरने फळीला दिली, हे तिला कळत नाही. आवाज वाढवला की तबल्याच्या डग्ग्यामागे एक घुमारा येतो आणि लोक म्हणतात, रेकॉर्डच तशी आहे.

तपासायची रीत सोपी. मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा. आवाज हळूहळू वाढवा आणि बोटाने फळीवर टकटक करा. टकटक स्पीकरमधून ढोलासारखी ऐकू आली किंवा आपोआप हूं असा आवाज चढू लागला तर जागा चुकलीय. आवाज लगेच कमी करा, नाहीतर स्पीकरचा पडदा जाईल.

माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला आणि स्वस्त उपाय म्हणजे कडाप्पा. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी फरश्या कापून देणाऱ्यांकडे उरलेले तुकडे पडलेले असतात. वीस बाय सोळा इंचाचा, साधारण २० मिमी जाडीचा तुकडा कापून, कडा घासून घ्या. दहा-अकरा किलोचा होतो. तो थेट फळीवर ठेवू नका, चार कोपऱ्यांना जाड रबराचे तुकडे द्या आणि वर टर्नटेबल. स्पीकर वेगळ्या स्टँडवर. एवढ्यानेच डग्गा मोकळा होतो. महागड्या पायांवर आणि सुळ्यांवर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

पेठांतल्या जुन्या वाड्यात माडीवर राहणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे लाकडी जमीन चालणाऱ्याच्या पावलाबरोबर दबते आणि सुई उडी मारते. कडाप्पाने ते थांबत नाही. तिथे जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर टर्नटेबल ठेवावं, जमिनीशी संबंधच तोडावा. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहत असाल तर मिरवणुकीच्या वेळी मात्र सरळ सुई उचलून ठेवा. खिडकीच्या काचा थरथरतात तेव्हा खाचेतली सुईही थरथरते.

जागा ठरली की गवंडी वापरतात तशी छोटी पाणसळ प्लॅटरवर आडवी आणि उभी ठेवून बघा आणि पाय फिरवून पातळी आणा. टेबल सरळ दिसलं म्हणजे प्लॅटर सरळ असतोच असं नाही.

दांडी तोलताना

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त रेकॉर्डी इथल्या चुकांनी खराब होतात.

आधी अँटी-स्केट, म्हणजे दांडी आत ओढली जाऊ नये म्हणून असलेलं बटण, शून्यावर आणा. सुईचं झाकण सुटं निघणारं असेल तर काढा. झाकणासकट तोललं तर सगळा हिशेब चुकतो. आता मागचं गोल वजन फिरवत जा. दांडी आधी पुढे झुकलेली असते, मग जड होऊन मागे जाते, आणि मध्ये कुठेतरी एक जागा येते जिथे ती सराफाच्या तराजूसारखी हवेत आडवी तरंगते. फुंकर मारली तर डुलते आणि परत तिथेच येते. ती सापडेपर्यंत थांबा. सापडली की दांडी आधारावर अडकवा, एका हाताने वजन घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने फक्त पुढची आकड्यांची चकती शून्यावर आणा. यानंतर चकतीसकट अख्खं वजन पुढच्या बाजूला सरकेल असं फिरवा आणि हवा तो आकडा आणा.

चूक नेमकी शेवटच्या पायरीवर होते. लोक पुन्हा नुसती चकतीच फिरवतात. आकडा २ दाखवतो, सुईवर भार शून्य. सुई रेकॉर्डवरून घसरत बाहेर जाते आणि मग दोष पुन्हा मोटरला. काहीजण त्यावर उपाय म्हणून हेडशेलवर, म्हणजे दांडीच्या पुढच्या टोकावर, नाणं चिकटवतात. कृपा करून हे करू नका. भार कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, पुस्तिकेतला ठेवा. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम. खात्रीसाठी सुईचा डिजिटल काटा मिळतो. मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर असायला हवी.

भार कमी ठेवला तर रेकॉर्ड कमी झिजेल, हा समज मी अनेक घरांत ऐकलाय. उलट होतं. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटत जाते आणि तो ओरखडा कायमचा राहतो.

ख्यालाच्या एलपीवर एक गोष्ट हमखास जाणवते. विलंबित स्वच्छ, आणि बाजूच्या शेवटी द्रुत येताच ताना फाटतात. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर रेकॉर्ड सरकते, आतल्या खाचेत जेमतेम २१. तितक्याच सुरावटी निम्म्याहून कमी जागेत कोरलेल्या असतात, त्यामुळे सुई जरा वाकडी बसली तरी दोष तिथेच उघडा पडतो. एसएल-१२०० च्या घराण्यातल्या दांडीला हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी अंतर लागतं. कार्ट्रिज हेडशेलमध्ये डोळ्यांच्या अंदाजाने मध्ये बसवून स्क्रू आवळलेले सेट मी पाहिलेत, त्यांत हे अंतर ४७-४८ भरलं. स्क्रू ढिले करा, कार्ट्रिज पुढे घ्या, मोजा, आवळा. दुकानात नवी कार्ट्रिज बघायला जाण्याआधी ही पाच मिनिटं द्या.

घूं असा आवाज, आणि नुसता बारीक आवाज

बारीक, किणकिणता, खर्ज नसलेला आवाज येत असेल तर फोनो प्रीअँप कुठेच जोडलेला नाही. कार्ट्रिज मोजके मिलिव्होल्ट देते आणि रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम दाबून, वरचे सूर वाढवून कोरलेले असतात. ते उलटवून सपाट करणं हे त्या प्रीअँपचं काम. उलट आवाज चिरडलेला, धुरकट असेल तर तो दोनदा लागलाय. एटी-एलपी१२० एक्ससारख्या टर्नटेबलमध्ये तो आतच असतो. मागचं बटण लाइनवर ठेवून वायर अँप्लिफायरच्या फोनोत घातली की असं होतं. दोहोंपैकी एकच वापरा.

घूं येत असेल तर सुई उचला आणि टोनआर्मला बोट लावा. आवाज बदलला तर मागची बारीक अर्थची वायर सुटलीय. ती अँप्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला लावायची, भिंतीतल्या सॉकेटच्या भोकात अजिबात नाही. आणि टोनआर्म रेकॉर्डच्या मध्याकडे नेताना घूं वाढत गेला तर शेजारी एखादा ट्रान्सफॉर्मर आहे. अँप्लिफायर, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, जे असेल ते हातभर दूर सरकवा.

आजोबांच्या रेकॉर्डी

जुन्या बाजारातून किंवा घरच्या पेटीतून नाट्यपदांच्या ७८ च्या तबकड्या निघतात आणि हौसेने लगेच लावल्या जातात. थांबा. त्यांची खाच एलपीच्या तिप्पट-चौपट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळते आणि नुसता खरखराट ऐकवते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई घ्या. एमके-२ वर ७८ चा वेग नाही, एमके-७ वर आहे, विकत घेतानाच बघा. आणि या तबकड्या लाखेच्या आहेत. एलपी पुसायला बाटलीत जे अल्कोहोल मिसळलेलं द्रव मिळतं ते लाखेला विरघळवतं. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ फडकं पुरतं, लेबल कोरडं ठेवून.

पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा रेकॉर्डी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि कधीच आडव्या रचू नका. सुईला बोट लावू नका, ब्रश मागून पुढेच फिरवा.

जुन्या सेटबरोबर आलेल्या सुईचा इतिहास कुणालाच माहीत नसतो, म्हणून ती बदला आणि मगच घरच्या रेकॉर्डी लावा. शूअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं बंद केलं, त्यामुळे त्या नावाने आज सीलबंद सुई विकायला आली तर दहादा बघून घ्या.

आणि घर बदलणार असाल, तर हेडशेल आणि मागचं वजन काढा, दांडी दोऱ्याने आधाराला बांधा, आणि प्लॅटर उचलून वेगळा गुंडाळा. एसएल-१२०० एमके-२ मध्ये मोटरचं चुंबक प्लॅटरच्याच पोटाला असतं, तिथे खिळ्याचा कीस चिकटू देऊ नका. प्लॅटर तसाच ठेवून टेम्पोत टाकला तर प्रत्येक खड्ड्याला त्याचं वजन मोटरच्या आसावर आपटतं. मी तो टेम्पोत देत नाही. रिक्षात मांडीवर घेऊन जाते.