व्हिसेरा बरणीत घालण्याआधी

ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदनाची ड्यूटी लागणाऱ्या डॉक्टरांसाठी ही तयारी लिहिते आहे. विषबाधेचा संशय असला की आपण 'व्हिसेरा (म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव) राखून ठेवला' असं लिहितो आणि पुढचं प्रयोगशाळेवर सोडतो. पण तिथे काय सापडेल आणि काय कायमचं निसटेल, हे बरेचदा बरणीत काय ओतलं त्यावर ठरतं, आणि काय ओतायचं ते संशय कोणत्या विषाचा आहे त्यावर. म्हणून सुरी उचलण्याआधी चौकशी करा.

पंचनाम्यात 'अज्ञात विषारी औषध' एवढंच लिहिलेलं असेल तर तेवढ्यावर थांबू नका. घरच्यांना बाजूला बसवून विचारा. सध्या पिकावर कोणती फवारणी चालू आहे? धान्यात गोळ्या टाकल्या होत्या का? उंदरांसाठी काय आणलं होतं? उलटीला रॉकेलचा वास होता की लसणासारखा? हळू आवाजात विचारा, त्यांचं माणूस नुकतंच गेलंय. घटनास्थळी बाटली सापडली असेल तर ती लेबलसकट, जशी आहे तशी, वेगळी सीलबंद करून पाठवायला तपासी अंमलदारांना सांगा. व्हिसेराच्या खोक्यात ती कधीही ठेवू नका. एखादी गळती झाली तर सगळा पुरावा संशयास्पद होतो.

मृत्यूआधी रुग्ण दवाखान्यात होता का, हे नक्की पाहा. चार-पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या माणसाच्या व्हिसेरात विष उरलेलं नसू शकतं. अशा वेळी भरती होताना घेतलेलं पहिलं रक्त आणि जठर धुतलेलं पहिलं पाणी या दोनच गोष्टी खऱ्या मोलाच्या. वॉर्डात ती राखली आहेत का ते विचारा, असतील तर ताब्यात घ्या. केस पेपरची प्रतही सोबत जोडा. उपचारात दिलेलं ॲट्रोपिन, मिडाझोलाम, लिग्नोकेन हे सगळं तपासणीत दिसतं, आणि ते कुठून आलं हे विश्लेषकाला कागदावरूनच कळतं.

आता बरण्या. रुंद तोंडाच्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या आणि साधारण लिटरभराच्या. नेहमीचं परिरक्षक, म्हणजे अवयव कुजू न देणारं द्रावण, मिठाचं संपृक्त द्रावण असतं. मीठ ढवळूनही तळाशी थोडं न विरघळता उरलं पाहिजे, नुसतं खारं पाणी चालत नाही. तीव्र आम्ल प्यायल्याचा संशय असेल तर मिठाऐवजी रेक्टिफाईड स्पिरिट (तीव्र अल्कोहोल) वापरतात. कार्बोलिक ॲसिड (फिनॉल) मात्र याला अपवाद आहे. दारू, क्लोरोफॉर्म, फॉस्फरस, रॉकेल यांच्या प्रकरणात स्पिरिट अजिबात नको. दारू शोधायची आणि बरणीत स्पिरिट ओतायचं, मग विश्लेषकाने काय मोजायचं? फॉर्मलिन तर टेबलाजवळही ठेवू नका. ते हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहण्यासाठी), रासायनिक तपासणीसाठी नाही. आणि वापरलेल्या द्रावणाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत द्यायचाच. त्यात काही नव्हतं हे दाखवायला दुसरा मार्ग नसतो.

जठर आणि त्यातला ऐवज, तसंच लहान आतड्याचा फूटभर तुकडा त्यातल्या ऐवजासह एका बरणीत. यकृत, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे भाग दुसरीत. आतडं आणि जठर उघडून, यकृताचे काप करून घाला, म्हणजे मीठ आतपर्यंत पोचतं. बंद अवयव आतून कुजतो. बरणी दोन-तृतीयांशच भरा, वायू साठतो.

रक्ताकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन. ते मांडीच्या शिरेतून घ्या. छातीच्या पोकळीत साचलेलं रक्त ओंजळीने गोळा करू नका. जठरातली दारू मृत्यूनंतर शेजारच्या पोकळीत झिरपते, काही औषधंही यकृत-फुफ्फुसांतून हृदयातल्या रक्तात परत उतरतात आणि आकडा फुगतो. १० मिलीसाठी साधारण १०० मिलीग्राम सोडियम फ्लोराईड आणि ३० मिलीग्राम पोटॅशियम ऑक्झलेट घालून हळुवार हलवा. फ्लोराईड नसेल तर जंतू बाटलीतच दारू तयार करतात, किंवा असलेली संपवतात. जिवंत चालकाचं रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नका. दारू पिऊन वाहन चालवण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलीला ३० मिलीग्राम इतकी कमी आहे की तिथे शंकेला जागा ठेवणं चालकावरही अन्यायाचं आणि अपघातात गेलेल्याच्या घरच्यांवरही.

हेच फ्लोराईड दुसरीकडे घात करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा संशय असलेल्या जिवंत रुग्णात कोलिनएस्टरेज (या कीटकनाशकाने मंदावणारं रक्तातलं विकर, म्हणजे एन्झाइम) मोजायचं असतं, आणि फ्लोराईड त्याच विकराला अडवतं. त्यासाठी हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) नळी वेगळी भरा, तीही लवकर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून आपल्याकडे तरी ही नळी प्रत्येक कॅज्युअल्टीत तयार असायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

कार्बन मोनॉक्साईड किंवा इतर उडून जाणाऱ्या विषासाठी रक्ताची नळी काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. आर्सेनिकसारख्या धातूसाठी मुळासकट उपटलेले केस, नखं आणि हाडाचा तुकडा घ्या. पुरलेलं प्रेत बाहेर काढलं असेल तर त्याच्या वरची आणि खालची मातीही. सर्पदंशाचं विष नेहमीच्या रासायनिक तपासणीत दिसत नाही, त्यामुळे दंशाभोवतीची त्वचा वेगळी राखा आणि पत्रात तसं स्पष्ट लिहा.

पत्र म्हणजे नुसता औपचारिक कागद नव्हे. १८५० साली बेल्जियममध्ये रसायनशास्त्रज्ञ स्तास यांनी मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळं काढलं, तेव्हापासून आधी अर्क काढायचा आणि मग ओळखायचं हाच क्रम आहे. आज पुढे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, जीसी-एमएस, एलसी-एमएस अशी मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी तंत्रं असतात, दारूसाठी नमुन्यावरची वाफ तपासणारं हेडस्पेस जीसी, धातूंसाठी वेगळं यंत्र. अर्क आम्लात काढायचा की अल्कलीत, आधी कोणत्या यंत्राकडे जायचं, हे विश्लेषक तुमच्या पत्रावरून ठरवतो. 'विष तपासावे' एवढं लिहिलंत तर मर्यादित नमुन्यात तो सगळीकडे चाचपडत बसतो.

प्रत्येक बरणीवर पीएम (शवविच्छेदन) क्रमांक, नाव, वय, अवयव, परिरक्षक, तारीख-वेळ आणि तुमची सही. वरून लाखेचं सील आणि त्याच मोहोराचा नमुना वेगळ्या कागदावर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार शासकीय तज्ज्ञाचा अहवाल पुराव्यात वाचता येतो. सील जुळलं नाही तर मात्र बचाव पक्षाचा पहिला प्रश्न तिथेच येतो. हवालदार लगेच निघणार नसतील तर बरण्या फ्रीजमध्ये, कुलपात. नेताना त्यांची सही, वेळ आणि बक्कल क्रमांक रजिस्टरात घ्या. प्रयोगशाळेची पोचपावती परत आली की ती पीएम अहवालाच्या कार्यालयीन प्रतीला जोडून ठेवा. आठवड्यात आली नाही, तर पोलीस ठाण्याला लेखी विचारा.