दिवाळीनंतर कुलूप लागणारी युवक मंडळे : या चुका टाळा

खानदेशात पोळा झाला की गल्लोगल्ली युवक मंडळांच्या बैठका भरू लागतात. गणेशोत्सवात वर्गणी, आरास आणि मिरवणूक हौसेने पार पडते, त्याच भरात वाचनालय, व्यायामशाळा, अभ्यासिका असे संकल्प सोडले जातात आणि कापसाची वेचणी संपेपर्यंत मंडळाच्या खोलीला कुलूप लागलेले असते. कारण विचारले तर गावातील जाणती माणसे ‘पोरांना मोबाईलशिवाय काही सुचत नाही’ असे सांगून मोकळी होतात. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. ज्या मुलांवर हा आरोप होतो, त्यांच्यातलीच कितीतरी मुले पहाटे अंधारात पोलीस भरतीच्या तयारीसाठी डांबरी रस्त्यावर धावत असतात. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मंडळाजवळ पगारी माणूस नसतो. सभासदांचा मोकळा वेळ आणि गावाचा विश्वास एवढेच त्याचे भांडवल असते, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांमध्ये या दोहोंपैकी एकाची नासाडी होते.

गावाचे वर्ष न पाहता आखलेले वेळापत्रक

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शहरातील संस्थेप्रमाणे दर महिन्याला एक कार्यक्रम, दर रविवारी सायंकाळी बैठक, असे सरसकट वेळापत्रक लावणे. जूनमध्ये पेरणी चालू असताना, किंवा दसऱ्यापासून पुढे घरातील प्रत्येक हात कापूस वेचणीला लागलेला असताना, रविवार हा सुटीचा दिवस राहत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, सोमवारी तिचे विसर्जन होते आणि भाऊबंदांच्या घरी रोटांचे जेवण असते. त्या दोन दिवसांत ठेवलेली बैठक होणार नाही, हे बाहेरून आलेल्या मार्गदर्शकाला ठाऊक नसते आणि गावातील कार्यकर्ता सांगायला संकोचतो. धडगाव, अक्कलकुवा, साक्री या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे जातात आणि त्यांच्याबरोबर मंडळाचे निम्मे सभासदही जातात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात कापणी आणि गाडीभरणी वर्षभर चालते, त्यामुळे तेथे ‘मोकळा हंगाम’ असा शोधून सापडत नाही.

हजेरी घसरली की प्रथम विजेचे वेळापत्रक पाहावे. शेतीपंपांना तीन फेज वीज अनेक ठिकाणी आठवड्यागणिक आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळते. ज्या आठवड्यात ती रात्री असते त्या आठवड्यात वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा वावरात पाणी भरत असतो. ‘रातनी लाईट शे’ हे त्याचे उत्तर टाळाटाळीचे नसते. बैठक दिवसपाळीच्या आठवड्यात घेतली की याच मुलांची उपस्थिती सुधारते, आणि हा बदल करायला एक रुपयाही लागत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास एकदा बसून गावाचे वर्ष मोठ्या कागदावर लिहून काढावे. पेरणी, वेचणी, यात्रा, बारागाड्या, दहावी-बारावीच्या परीक्षा, लग्नसराई, स्थलांतर हे सारे आधी भरावे आणि उरलेल्या जागेत मंडळाचे काम बसवावे. साधारणपणे संक्रांतीनंतरचे तीन आठवडे आणि परीक्षा संपल्यावरचा एप्रिल हे मोठ्या उपक्रमांसाठी बरे ठरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जात असल्याने शिबिर घ्यायचेच असेल तर सकाळी सहा ते साडेआठ एवढीच वेळ धरावी. दुपारी पत्र्याच्या खोलीत व्याख्यान ठेवणे हा वक्त्यावर आणि श्रोत्यांवर सारखाच अन्याय आहे. हंगामाच्या गर्दीत सगळे उपक्रम बंद ठेवले तरी चालते, परंतु आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी तासभर खोली उघडी राहिली पाहिजे, मग आत दोनच मुले वर्तमानपत्र वाचत बसली तरी हरकत नाही. पूर्ण बंद पडलेली खोली पुन्हा उघडायला जो जोर लागतो, त्यापेक्षा हा तास फार स्वस्त पडतो.

जयंती-पुण्यतिथीपुरते जिवंत होणारे मंडळ हा याच चुकीचा दुसरा प्रकार आहे. २४ डिसेंबरला साने गुरुजींच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. परंतु गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये जे छात्रालय सांभाळले ते रोजचे, घरकामासारखे काम होते, हे त्या भाषणांत क्वचितच येते.

खजिनदाराच्या मोबाईलवर जमा होणारी वर्गणी

मंडळे फुटतात ती बहुधा पैशावरून, आणि त्यांतील बहुतेक प्रकरणांत कोणी पैसे खाल्लेले नसतात. वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआय क्रमांकावर येते, त्याच खात्यात त्याच्या कापसाचे पैसे येतात, त्यातूनच खताचे बिल जाते, आणि महिनाभराने मंडळाचे किती आणि त्याचे किती हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. मग डीजेवाल्याचे पाच हजार दिले की सात, यावरून पारावर कुजबुज सुरू होते आणि प्रामाणिक मुलगा कायमचा मंडळ सोडून जातो.

नोंदणी झालेली नसली तरी दोघांच्या संयुक्त नावाने वेगळे बचत खाते उघडता येते आणि पैसे दोघांच्या सहीनेच काढायचे असे बँकेला लिहून देता येते. अशा खात्यातून यूपीआयने पैसे पाठवण्याची सोय सहसा मिळत नाही. ही अडचण मुकाट्याने सोसावी, कारण खर्च थोडा अवघड असणे मंडळाच्या हिताचे आहे. पावती पुस्तकावर छापील अनुक्रमांक असावेत, प्रत्येक पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद असावी आणि रद्द केलेली पावतीही पुस्तकातच राहावी. उत्सव संपल्यावर आठवडाभरात जमाखर्च ग्रामपंचायतीच्या किंवा मंडळाच्या फळ्यावर लावावा. हे काम लांबले की आकडे बरोबर असूनही कोणी विश्वास ठेवत नाही.

उत्सवासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते, याकडेही गावांत सर्रास दुर्लक्ष होते. कायम नोंदणीविषयी मात्र घाई करू नये असे माझे मत आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात, म्हणून गावात न राहणाऱ्या मेव्हण्या-भाच्यांची नावे घालून संख्या पूर्ण केली जाते. पुढे पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि सहीला माणूस सापडत नाही. एक पूर्ण वर्ष काम करून पाहावे, त्या वर्षात खरोखर टिकलेली सात माणसे कोण ते कळते, आणि मग त्यांच्याच नावाने नोंदणी करावी.

हिशेबावरून संशय आधीच पसरला असेल तर खुलाशाची भाषणे करू नयेत. दोन्ही बाजूंना मान्य असलेला गावातील एखादा निवृत्त शिक्षक किंवा सोसायटीचा जुना सचिव यांच्याकडे वह्या-पावत्या सोपवाव्यात, त्यांनी काढलेली शिल्लक लेखी घ्यावी आणि जी रक्कम जुळत नाही ती ‘जुळत नाही’ अशीच नोंदवावी. मागच्या तारखेच्या पावत्या बनवून मेळ घालण्याचा मोह फार होतो, आणि त्याने प्रकरण कायमचे चिघळते.

टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. बक्षिसाची रक्कम, समालोचक, दिवे आणि जेवणावळी यांत मंडळाचा वर्षाचा पैसा आठ दिवसांत संपतो, शेवटचा सामना भांडणात सुटतो आणि त्यानंतर दोन महिने कोणी कोणाशी बोलत नाही. स्पर्धा घ्यावीच, पण तिचे खाते वेगळे ठेवावे आणि प्रवेश फी व प्रायोजकांच्या रकमेपेक्षा जास्त बक्षीस जाहीर करू नये.

एकाच माणसाचे मंडळ

बहुतेक मंडळांत एक मुलगा असा असतो की किल्ली त्याच्याजवळ, शिक्का त्याच्याजवळ आणि तहसीलदार कार्यालयातील ओळखही त्याचीच. तो एके दिवशी भरतीत निवडला जातो किंवा सुरतेला, चाकणला कामाला लागतो, आणि सारे जागच्या जागी थांबते. खानदेशातून तरुण बाहेर जाणारच, हे गृहीत धरूनच रचना करायला हवी. प्रत्येक कामाला दोघे असावेत, त्यांतील एक विशीच्या आतला असावा. किल्ल्या दोन ठेवाव्यात. इतिवृत्ताची वही, सामानाची यादी आणि पत्रव्यवहाराची फाईल खोलीतच राहावी, कोणाच्या घरी नव्हे. बाहेरगावी गेलेल्या सभासदांकडून पैसे मागण्यापेक्षा सुटीत आल्यावर एखादा वर्ग घेण्याची विनंती केल्यास ते अधिक आनंदाने जोडलेले राहतात.

निवडणुकीचे पॅनल

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की सभासदांची तयार फळी उमेदवारांना हवीहवीशी वाटू लागते. मंडळाच्या अध्यक्षाने अर्ज भरण्यात काहीच गैर नाही. चूक होते ती मंडळाचा अध्यक्ष म्हणून प्रचार करण्यात. जो अर्ज भरेल त्याने आधी पद सोडावे, मंडळाच्या खोलीत आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रचार होऊ नये, आणि हा नियम निवडणूक वर्षभर लांब असताना इतिवृत्तात लिहून सह्या घ्याव्यात, कारण अर्ज भरण्याच्या आठवड्यात केलेला नियम एका बाजूविरुद्धचा समजला जातो. नेत्याने दिलेल्या जर्सीवर त्याचे छायाचित्र असेल तर ती जर्सी घालणारे मंडळ गावातील दुसऱ्या बाजूच्या घरांना बंद होते. पाच वर्षांनी पारडे फिरले की ग्रामपंचायतीने दिलेली जागाही जाते. जागा तोंडी न घेता ग्रामपंचायतीच्या ठरावाने, मुदत आणि वीजबिल कोणी भरायचे हे नमूद करून घ्यावी. तारेवर आकडा टाकून केलेली रोषणाई हा गुन्हा आहे आणि त्याहीपेक्षा ती जीवावर बेतते, हे वेगळे सांगायला नको.

मुली आणि लहान मुले

‘आमच्याकडे मुली येतच नाहीत’ असे सांगणाऱ्या मंडळांची वेळ पाहिली तर ती रात्री आठची असते आणि दाराशी दुचाकींवर दहा मुले बसलेली असतात. तालुक्याच्या कॉलेजातून परतणाऱ्या मुलींची वेळ एसटीवर ठरते. सायंकाळची गाडी गावात येण्याची वेळ आणि दिवेलागण यांमधला तास, किंवा सुटीची सकाळ, त्यांना जमते. अंगणवाडी सेविका किंवा बचत गटातील एखादी ताई त्या वेळी उपस्थित असेल तर आई-वडिलांचा नकार बराच मावळतो. पदाधिकाऱ्यांत मुलगी हवी, पण रांगोळी आणि स्वागत एवढ्यासाठी नव्हे. पावती पुस्तक आणि खात्यावरील सही तिच्याकडे द्यावी.

१८ वर्षांखालील मुले येत असतील तर कोणत्याही मोठ्या माणसाने एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहू नये, सहलीला दोन प्रौढ असावेत आणि पालकांची लेखी संमती असावी. लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर पंचांपुढे बसून मिटवण्याचा प्रयत्न करू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

बंद पडलेले मंडळ पुन्हा सुरू करताना

येथे सर्वांत मोठी चूक म्हणजे पाहुणे बोलावून नव्याने उद्घाटन करणे. आधी जुनी उधारी, मंडपवाल्याची असो वा वीजबिलाची, भागवावी. कॅरम, वजने, पुस्तके यांतील जे सामान लोकांच्या घरी गेले आहे त्याची यादी करून, न रागावता, परत मागावे. आणि पहिले दोन महिने फक्त लहान मुलांसाठी आणि अभ्यास करणाऱ्यांसाठी खोली उघडावी. मंडळाची पूर्वी नोंदणी झालेली असेल तर जुन्या कार्यकारिणीच्या सह्या घेऊन राहिलेले बदल अर्ज आणि हिशेब आधी दाखल करावेत. ते न करता नवे लेटरहेड छापून अनुदानाचा अर्ज केला, तर तो पहिल्याच टेबलावरून परत येतो.