टंगस्टन वितळत नाही, पण उडून जातं: फ्युजन अपघाताचा हिशेब करताना या चुका टाळा

‘टंगस्टनचा द्रवणांक ३४२२ अंश सेल्सिअस. अपघातात भिंत फार तर हजार-अकराशे अंशांपर्यंत तापेल. म्हणजे किरणोत्सारी धातू जागचा हलणार नाही.’ फ्युजन भट्टीच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्राच्या, अपघाताचा हिशेब करताना विद्यार्थ्यांकडून हा युक्तिवाद आला की पुढचं सगळं गणित चुकलंच म्हणून समजा. धातूला बाहेर पडायला वितळावं लागत नाही. तापलेल्या धातूला हवा किंवा वाफ भेटली की त्याचा ऑक्साइड होतो, आणि तो ऑक्साइड वाफ होऊन उडतो.

जुना पिवळा बल्ब आठवा. काचेला बारीक तडा गेला आणि कुणी बटण दाबलं, तर आत क्षणात पांढुरका-पिवळसर धूर भरायचा. तो टंगस्टनच्या तारेचा ऑक्साइड. फ्युजन भट्टीचं निर्वात पात्र फुटून आत हवा शिरली तर रसायन हेच. फरक इतकाच, की इथला टंगस्टन १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा मारा खाऊन किरणोत्सारी झालेला असतो. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्पाने २०२३ मध्ये आतल्या भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन घ्यायचं ठरवलं, त्यामुळे हा प्रश्न आता आणखी जवळचा झाला आहे.

दुसरी चूक प्रयोगशाळेतली. नमुना नळीच्या आकाराच्या छोट्या भट्टीत ठेवायचा, आधी आणि नंतर वजन करायचं, फरक म्हणजे उडालेला धातू! असं होत नाही. १०० ग्रॅम टंगस्टन पूर्ण गंजला तर सुमारे १२६ ग्रॅम पिवळा ऑक्साइड होतो. म्हणजे एकीकडे ऑक्सिजनमुळे वजन वाढतं आणि दुसरीकडे ऑक्साइड उडाल्यामुळे घटतं. तराजू सांगतो ती या दोन्हींची वजाबाकी. वजन जैसे थे आलं म्हणून ‘काहीच सुटलं नाही’ असं लिहू नका. नळीच्या थंड टोकाला जो थर बसतो तो रसायनाने धुऊन काढा आणि त्यातली मूलद्रव्यं वेगवेगळी मोजा. उत्तर त्या धुवणात आहे. पोलाद असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण मिश्रधातूतले घटक एकाच प्रमाणात उडत नाहीत. लोखंड मागे राहतं, मॉलिब्डेनम सहज निसटतं; त्याचा ऑक्साइड ७९५ अंशांनाच वितळतो.

कोरड्या हवेचे आकडे वाफेला लावणं हीही नेहमीची गफलत. थंड करणाऱ्या पाण्याची नळी फुटली तर आत हवा नव्हे, वाफ येते. वाफेत टंगस्टनचं हायड्रॉक्साइड बनतं, ते कोरड्या ऑक्साइडपेक्षा सहज उडतं. शिवाय हायड्रोजन तयार होतो: १८४ ग्रॅम टंगस्टनमागे ६ ग्रॅम. स्फोटाची भीती तिथून सुरू होते.

ऑक्साइडच्या पापुद्र्यावर भरवसा ठेवतानाही जपून. पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि आतल्या धातूला वाचवतो, पण दमट हवेत फार तापमानाला तो थरही झिजतो. टंगस्टनचा ऑक्साइड मूळ धातूच्या सुमारे ३.४ पट जागा घेतो, म्हणून तो तडकतो आणि खालचा ताजा धातू उघडा पडतो.

वेळेचा हिशेब बहुतेक जण विसरतात. भट्टी बंद होते त्या क्षणाची किरणोत्सारिता घ्यायची आणि भिंत सर्वाधिक तापते त्या क्षणाचा उडण्याचा वेग लावायचा, असं केलं तर आकडा भलताच फुगतो. पोलादातल्या मँगनीज-५६ या किरणोत्सारी समस्थानिकाचं (मँगनीजच्या एका अणुप्रकाराचं) अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, अडीच तासांच्या आसपास. एका दिवसात तो सहाशेव्या हिश्शाहूनही कमी उरतो. टंगस्टन-१८७ मात्र दिवसाअखेरीस निम्मा शिल्लक असतो आणि स्वतःच्या उष्णतेने भिंत तापवत राहतो. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य तर सव्वापाच वर्षांचं. प्रत्येक समस्थानिकाला त्याच्या त्याच्या घड्याळाने चालवा.

आणि धूळ. प्लाझ्माने, म्हणजे भट्टीतल्या अतितप्त विद्युतभारित वायूने, खरवडलेली बारीक भुकटी पात्राच्या तळाशी आधीच साठलेली असते. तिला उडायला हजार अंश लागत नाहीत, आत घुसणाऱ्या हवेचा झोत पुरतो. ईटरच्या सुरक्षा आराखड्यात या धुळीला १००० किलोची मर्यादा घातली आहे. भिंतीच्या धातूचा हिशेब कितीही बारकाईने केलात, तरी ही ओळ वेगळी मांडा. भिंतीच्या आकड्यात मिसळू नका.