मे महिन्यात कोकणात जायचंय? आधी तिथी बघा, मग बॅगा भरा

पुण्या-मुंबईहून मुलाबाळांसह दापोली, गुहागर किंवा तारकर्लीला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती हॉटेलची. खरं तर आधी तारीख नीट ठरवायला हवी. मे महिन्यात मुलांना समुद्रावर सुखाने खेळता येतं ते सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात. मधल्या वेळात वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. या दोन वेळांना पाणी चढतं असेल की उतरतं, हे तिथीवर अवलंबून असतं.

हिशेब सोपा आहे. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणतात, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. यात तासभर इकडेतिकडे होतं, त्यामुळे निघण्याआधी जवळच्या बंदराच्या नेमक्या वेळा नेटवर बघून घ्या. सुट्टीची तारीख ठरवायला मात्र एवढं पुरतं.

डुंबायला चढतं पाणी बरं, कारण ओहोटीचं पाणी आत ओढतं. दशमी ते द्वादशीला भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, म्हणजे सकाळी भरती होईपर्यंत पाणी चढत असतं आणि दुपारची ओहोटी दोन-तीनला उलटून गेल्याने संध्याकाळीही चढतंच. लहान मुलं असतील तर हेच दिवस धरा. तृतीया ते पंचमीला नेमकं उलटं होतं: दुपारी भरती आणि संध्याकाळी सगळे पाण्यात उतरलेले असताना ओहोटीची ओढ. त्या दिवसांत सकाळी आठ-नऊला किनारा उघडा पडतो, तेव्हा शंख-शिंपले वेचायला किंवा हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला जा. ती वाट खडकांतून जाते आणि ओहोटीतच करायची असते. लाटा पायऱ्यांवर येत असतील तर देवाला वरूनच नमस्कार करून परत फिरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी लांब जातं आणि तितक्याच जोरात परत येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी.

चढतं पाणी म्हणजे बिनधोक पाणी नव्हे. गणपतीपुळ्याच्या समुद्रात माणसं बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. तिथे पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये. मुलांना त्यांच्या गुडघ्यापर्यंतच पाणी, आणि एक मोठं माणूस त्यांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला उभं. काठावर उभं राहून हाका मारल्याने लाटांच्या आवाजात काही ऐकू जात नाही. कोणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं. गाडी वाळूवर न्यायची नाही. ओल्या वाळूत चाक फिरलं की रुततं, आणि भरती ट्रॅक्टरची वाट बघत थांबत नाही.

पॅरासेलिंग, किल्ल्याची बोट वगैरे मुलांना कबूल केलं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आत जा. पावसाळ्यासाठी ते सगळं बंद होतं. १ जूनपासून मासेमारीही दोन महिने बंद, त्यामुळे जूनमध्ये ताज्या सुरमईच्या आशेवर राहू नका.

तारीख ठरली की तिकिटं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि मेच्या कोकण गाड्या लगेच भरतात. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मालवण-तारकर्लीसाठी कुडाळला उतरायचं. पुढची रिक्षा किंवा गाडी आधीच सांगून ठेवा. स्वतःच्या गाडीने दापोली आणि गुहागर दोन्ही करणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून गाडी पलीकडे नेता येते, चिपळूणचा वळसा वाचतो. शेवटची फेरी किती वाजता, ते मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारायच्या. मेमध्ये विहिरीला पाणी किती असतं (कोकणात कितीही पाऊस पडो, मेमध्ये बऱ्याच गावांत टंचाई असते)? लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? आणि समुद्र ‘पाच मिनिटांवर’ म्हणजे चालत की गाडीने? जेवण बहुतेक घरगुती ठिकाणी सांगाल तेवढंच करतात, म्हणून रात्रीचं जेवण सकाळीच सांगा, उकडीचे मोदक आदल्या दिवशी. मासे न खाणारं कोणी असेल तर तेही आधीच.

बॅगेत सगळ्यात जास्त चुकतं ते कपड्यांत. जीन्स आणि जाड टॉवेल घरीच ठेवा. खारं पाणी सुकलं तरी मीठ कापडात राहतं, ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि कपडे दुसऱ्या दिवशीही चिकट लागतात. म्हणून समुद्रातून आल्यावर कपडे आधी एका बादली गोड्या पाण्यात खळबळून मगच वाळत घालायचे. माणशी दोन पंचे आणि समुद्राचे दोन जोड पुरतात. पाच मीटर दोरी, डझनभर चिमटे, ओल्या कपड्यांसाठी चेनची प्लास्टिक पिशवी आणि वाळूत अंथरायला जुनी चादर हवीच. चामडी चपला नकोत. सनस्क्रीन ३० एसपीएफच्या वरचं, उन्हात जाण्याआधी अर्धा तास लावायचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावू नका, सावलीतच ठेवा. टाल्कम पावडरचा डबा गाडीत हाताशी असू द्या: ओल्या पायांवर शिंपडून कोरड्या फडक्याने झटकलं की वाळू आपोआप सुटते. पावडर ओल शोषते, म्हणून.

औषधांत ओआरएसची पाकिटं. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीचा. मीठ वाढवायचं नाही.

ताम्हिणी, वरंधा किंवा कुंभार्ली, कुठल्याही घाटात पोर ओकतं ते बहुधा रिकाम्या नाहीतर तुडुंब पोटामुळे आणि मान खाली घालून मोबाइल बघण्यामुळे. निघताना एखादी कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटं द्या, घाट सुरू होताच मोबाइल काढून घ्या, काच थोडी उघडा. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना मात्रा विचारून, घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी. ओकारी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच पडते. शिदोरीला तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, सोबत लसणाची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत आंबते. बटाट्याची भाजी न्यायचीच तर पूर्ण गार करून भरा, कारण गरम भरली की झाकणाला वाफेचं पाणी सुटून तीही विटते.

घर बंद करताना गॅसचा रेग्युलेटर बंद, दूध-पेपर बंद, एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. फ्रीज बंद करणार असाल तर रिकामा करून, पुसून दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर आल्यावर बुरशीचा वास काढत बसावं लागेल.

परतीच्या दिवशी कपडे ओलेच निघाले तर वेगळ्या पिशवीत भरा आणि घरी पोचल्याबरोबर मशीनला लावा. गाडी खालच्या बाजूनेही धुऊन घ्या, मिठाने पत्रा गंजतो. आंब्याची पेटी डिकीत बंद करून उन्हात गाडी उभी करू नका. तयार फळ उकडून आतून काळं पडतं. कोकम घेताना लेबल वाचा. आगळ म्हणजे नुसता कोकमाचा रस आणि भरपूर मीठ, तो सोलकढीचा. मुलांना सरबत हवं असेल तर साखर घातलेलं ‘अमृत कोकम’ मागा.