सड्यावर जाणाऱ्या पिकअपचा ऑइल फिल्टर वर कसा हलवावा

आमची हापूसची कलमं देवगडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर आहेत. तिथवर रस्ता नाही, चाकांनी जांभ्यावर पाडलेली वाट आहे. दोन हंगामांमागे एप्रिलमध्ये भरलेल्या पेट्या घेऊन उतरत होते. गडग्यातला एक चिरा वाटेवर घरंगळलेला होता, तो पुढच्या चाकाखाली उलटला आणि खालून थेट ऑइल फिल्टरवर बसला. ऑइलचा लाल दिवा पेटला आणि मी त्याच क्षणी इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढली. वाकून बघते तर फिल्टरचा पत्रा फाटलेला आणि तांबड्या मातीत काळं ऑइल पसरलेलं. पंप सगळं ऑइल फिल्टरमधूनच पुढे ढकलतो, त्यामुळे तिथे भोक पडलं की चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात थांबले म्हणून इंजिन वाचलं.

आमच्या फोर-बाय-फोर पिकअपला फिल्टर इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला, खाली, चेसिस आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या) मधल्या फटीत होता. त्या पावसाळ्यात मेस्त्रीकाकांच्या हाताखाली बसून मी तो वर हलवला.

तुमच्या गाडीला याची गरज आहे का, ते आधी बघा. जुना फिल्टर एका गॅस्केटवर, म्हणजे रबरी कड्यावर उभा असतो. हलवल्यावर ब्लॉकवरची प्लेट, नळ्यांची टोकं, त्या जोडणाऱ्या निपलचे आटे आणि फिल्टर स्वतः, असे मोजून दहा जोड होतात आणि त्यातला प्रत्येक गळू शकतो. खालून जाड पत्र्याचं कवच लावून भागत असेल तर कवचच लावा. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. पण आमच्यासारखा फिल्टर वाटेतच लोंबत असेल, किंवा बदलताना दर वेळी सायलेन्सरच्या गरम पाइपवर ऑइल सांडत असेल, तर हे काम करण्यासारखं आहे.

सामान चार प्रकारचं लागतं: ब्लॉकवर फिल्टरच्या जागी बसणारी प्लेट, दुसरीकडे फिल्टर धरणारं हेड, दोन नळ्या आणि ब्रॅकेट. प्लेट आणि हेड घेताना जुना फिल्टर सोबत न्या आणि आटे जुळवून बघा. तीन चतुर्थांश इंच, इंचाला सोळा आट्यांचा, आणि वीस मिलिमीटर दीड पिचचा (दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर), हे दोन डोळ्यांना सारखे वाटतात आणि पहिला एखादा आटा एकमेकांवर चढतोही. जोर लावला की ब्लॉकवरचा, फिल्टर ज्यावर फिरतो तो निपल खराब. हाताने शेवटपर्यंत फिरला नाही तर तो तुमचा नव्हे. फिल्टरही शक्यतो मूळचाच ठेवा, कारण त्यातला बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइलला वाट देणारी झडप) त्या इंजिनाच्या दाबाला धरून असतो.

नळीवर पैसे वाचवू नका. आतलं भोक चार सूत, म्हणजे अर्धा इंच, त्याहून बारीक नको. पाण्याची किंवा डिझेलची होज इथे अजिबात चालत नाही. चिरेखाणीवरच्या मशिनांच्या होज बनवणारी दुकानं आपल्याकडे आहेत, क्रिम्प, म्हणजे टोकाची धातूची जोडणी दाबून बसवणं, तिथेच मारून घ्या. पण साधी हायड्रॉलिक होज १०० अंश सेल्सिअसपर्यंतची असते आणि माल भरून घाट चढताना इंजिन ऑइल त्याच्याही वर जातं. म्हणून १५० अंश सोसणारी होज हवी असं स्पष्ट सांगा, आणि नळीवर छापलेलं वाचून घ्या. कापलेल्या नळीच्या आत रबराचा भुसा राहतो. डिझेलने धुऊन, हवेने फुंकून, दोन्ही टोकांना चिंधीचे बोळे घालूनच ती घरी आणा. बोळे काढायला मात्र विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऑइलची दिशा. फिल्टर उलटा धरून बघा. कडेला छोट्या भोकांची माळ असते आणि मधोमध आट्यांचं मोठं भोक. पंपाकडचं ऑइल कडेच्या भोकांतून आत शिरतं, कागदातून गाळून मधल्या भोकाने इंजिनाकडे परत जातं. कडेच्या भोकांमागे रबराचा पडदा असतो, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून. नळ्या उलट्या लागल्या की ऑइल त्या पडद्याला आतून दाबतं, पडदा भोकं बंद करतो आणि बेअरिंगना ऑइल मिळत नाही. प्लेटवरच्या खुणांवर मी विसंबले नाही. प्लेटच्या प्रत्येक तोंडातून तार घालून ती कडेच्या खाचेत निघते की मधल्या भोकात, ते पाहिलं. हेडचंही तसंच. प्लेटची कडेची वाट हेडच्या कडेच्या वाटेला, मधली मधल्या वाटेला. मेस्त्रीकाका एकच वाक्य परत परत सांगत होते, "आदी बाण मार गो, मगे नळी काप." प्लेट, हेड आणि दोन्ही नळ्यांवर पांढऱ्या रंगाने बाण मारले, ते अजून आहेत.

हेड कुठे बसवायचं? चेसिसच्या वर, मडगार्डच्या आतल्या अंगाला, फिल्टरचं तोंड वर राहील असं. म्हणजे लावण्याआधी फिल्टर ऑइलने भरता येतो आणि काढताना सांडत नाही. सायलेन्सरच्या पाइपपासून नळी वीतभर तरी लांब हवी. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, म्हणून नळी ताणून बसवू नका, दोन-तीन बोटं सैल ठेवा, आणि चेसिसला घासेल तिथे रबरी क्लॅम्प लावा. ब्रॅकेट मी ५ मिलिमीटर पट्टीचं केलं, रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन वर रंग. खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड एका पावसाळ्यात सोलतं. हेड ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर मिठाच्या दमटपणाने ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पुढे बोल्ट सुटत नाही.

जोडताना ब्लॉकवर जुनं गॅस्केट चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. गॅस्केटवर गॅस्केट बसलं की दाब येताच ऑइलची पिचकारी उडते. नळ्यांच्या निपलच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून ऑइलच्या बारीक वाटांत अडकतात. पातळ सीलंट लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून. फिल्टरच्या गॅस्केटला ऑइल चोळा, टेकल्यावर हाताने पाऊण वळसा पुरे.

नळ्या नव्या आणि रिकाम्या असतात. आमच्या दोन्ही मिळून १४० सेंटीमीटर, म्हणजे त्यात साधारण १८० मिलिलिटर ऑइल मावतं. तेवढं चेंबरमध्ये जास्तीचं घाला. मग स्टॉपची दांडी ओढून धरा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ तापतो. लाल दिवा विझेपर्यंत हेच करायचं. दांडी नसलेल्या नव्या इंजिनात इंधन बंद करून तेच काम करावं लागतं. दिवा विझला की इंजिन सुरू करा. दहा सेकंदांत दाब दिसला नाही तर बंद करा आणि परत बाण तपासा.

पाच मिनिटं चालवून दहाही जोडांवर पांढरा कागद फिरवा. एक चक्कर मारून, गरम असताना, पुन्हा. आमचा एक निपल गरम झाल्यावरच पाझरला, थंड असताना कोरडा होता. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पहिले काही दिवस रोज, नंतर पेट्यांचा हंगाम सुरू होण्याआधी आणि पाऊस संपल्यावर नळ्या हाताने चाचपायच्या. रबराला भेगा दिसल्या की दोन्ही बदलायच्या.

सीटखाली मी मूळच्या मापाचा एक नवा फिल्टर, पाना आणि ऑइलचा पाच लिटरचा डबा ठेवते. सड्यावर नळी फुटलीच तर प्लेट काढून फिल्टर जुन्या जागी ब्लॉकवर फिरवता येतो, ऑइल भरता येतं आणि गाडी हळू हळू घरी आणता येते.