सीआरपी, ईएसआर वाढलाय? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली सीआरपी आणि ईएसआर न मागताच येतात. रिपोर्ट मोबाईलवर पडतो, एक आकडा ठळक छापलेला असतो आणि घरात फोनाफोनी सुरू होते. कोणी संधिवात म्हणतं, कोणी टीबी. रक्ताच्या या तपासण्या एवढंच सांगतात की शरीरात कुठेतरी दाह (इन्फ्लमेशन) चालू असावा. तो कुठे आहे आणि कशामुळे, हे त्यांना सांगता येत नाही.

एकक न बघता तुलना

सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. फरक दहापट. गेल्या महिन्यात एका लॅबचा आकडा 0.9 होता, या महिन्यात दुसरीकडे 6 आला, म्हणून रात्रभर झोप उडते. पहिला डेसिलिटरमधला आणि दुसरा लिटरमधला असेल, तर सीआरपी 9 वरून 6 वर उतरलाय! शक्यतो लॅब बदलू नका. बदललीच तर आकड्याशेजारची बारीक अक्षरं आधी वाचा.

ईएसआर वाढला म्हणजे आजारच

ही चूक सगळ्यांत जास्त होते. उभ्या नळीत तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, ते मोजायचं, एवढीच ही तपासणी. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, पेशी एकमेकींना चिकटतात आणि लवकर बसतात. पण पेशी लवकर बसायला इतरही कारणं पुरतात. रक्त कमी असलं, दिवस गेलेले असले, वय झालेलं असलं, तरी ईएसआर वर जातो. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांना ॲनिमिया आहे. तेव्हा हिमोग्लोबिन 9 आणि ईएसआर 35 असेल तर आधी हिमोग्लोबिनकडे बघायला हवं.

वयाचा ढोबळ हिशोब असा: पुरुषांत वयाच्या निम्मा, बायकांत वयात 10 मिळवून त्याच्या निम्मा. म्हणजे सत्तरीच्या आजींचा 40 पर्यंतचा ईएसआर चालून जातो. रिपोर्टवर मात्र बऱ्याचदा सगळ्यांना एकच 0 ते 20 ची पट्टी छापलेली असते. शिवाय नळी जराशी तिरकी राहिली तर आकडा फुगतो, आणि घरून नेलेला नमुना तासन्‌तास पडून राहिला तरी चुकतो.

बरं वाटल्यावरही ईएसआरच्या मागे लागणं

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत ते चढू लागतं आणि साधारण दोन दिवसांत टोकाला जातं. कारण आटोक्यात आलं की जवळपास रोज निम्मं होत उतरतं. ईएसआर मात्र काही आठवडे रेंगाळतो. न्यूमोनिया बरा झाला, ताप गेला, भूक लागतेय, सीआरपी नॉर्मल आहे, पण ईएसआर 50 आहे, तर बहुधा तो मागचाच हिशोब आहे. दर आठवड्याला तीच तपासणी करून हाती काही लागत नाही. उलट ताप येऊन चार तासही झाले नसताना केलेला सीआरपी नॉर्मल निघाला, तर त्यावरही विसंबू नका.

सर्दीतच एचएस-सीआरपी

हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी असलेली ही जास्त बारकाईने मोजणारी तपासणी. प्रति लिटर 1 मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. पण हे ठणठणीत असताना. सर्दी, दाढदुखी, पडझड, अगदी मुंबई मॅरेथॉन धावून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तरी आकडा वर जाणार. 10 च्या वर आला तर दोनेक आठवड्यांनी पुन्हा करावा.

आणि आकडा खाली आणणं हेच ध्येय समजू नका. ज्यांच्यात जनुकांमुळेच सीआरपी जन्मभर जास्त असतं, त्यांना त्यापायी हृदयविकार जास्त होतो असं दिसलेलं नाही. सीआरपी खबर देतं, गुन्हा दुसऱ्याचा असतो: पोटाची चरबी, तंबाखू, सुजलेल्या हिरड्या, मधुमेह. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. भाजीतल्या हळदीबद्दल तक्रार नाही, पण तिच्या जादा डोसच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

फेरिटिन नॉर्मल, म्हणून लोह भरपूर

कोविडमध्ये फेरिटिन हा शब्द घरोघरी पोचला, तो वाढल्याची भीती घेऊन. नेहमीच्या आयुष्यात उलटी फसगत होते. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज, पण दाह असला की लोह नसतानाही ते वाढतं. एरवी निरोगी माणसात ते 15 च्या खाली गेलं की लोह कमी, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर हीच सीमा 70 धरली जाते. म्हणून आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाचं फेरिटिन 50 असेल आणि थकवा जात नसेल, तर सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन कितपत भरलेलं आहे, ते बघायला सांगा.

नॉर्मल आलं, आता काळजी नाही

आमवाताच्या कितीतरी रुग्णांचे सीआरपी आणि ईएसआर दोन्ही नॉर्मल असतात; सकाळी तासभर बोटं आखडत असतील तर तपासणारे हात आकड्यापेक्षा महत्त्वाचे. ल्युपस या स्वयंप्रतिकार आजारात ईएसआर चढलेला आणि सीआरपी शांत, असं नेहमी दिसतं. यकृत पार खराब असेल तर सीआरपी पुरेसं बनतच नाही. आमवातावरचं टोसिलिझुमॅब हे औषध घेणाऱ्यांत संसर्ग असूनही ते दबलेलं राहतं. स्टेरॉइडनेही आकडे उतरतात, आणि सांधेदुखीच्या काही बेनामी पुड्यांत नेमकं तेच मिसळलेलं सापडतं. डॉक्टरांपासून पुडी लपवू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ईएसआर काहीही येवो, थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

सीआरपी बघून स्वतःच अँटिबायोटिक सुरू करणं तर नकोच. ते विषाणूच्या तापातही वाढतं.

मात्र ईएसआर 100 च्या वर गेला तर वय किंवा ॲनिमियावर ढकलून मोकळं होऊ नका. टीबी, हाडातला खोलवरचा संसर्ग, मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग) असं काहीतरी ठोस शोधावं लागतं. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशिलं दुखू लागली, चावताना जबडा दुखला, नजर अंधुक झाली आणि ईएसआर चढलेला असला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानशिलाच्या धमनीला सूज असण्याची शक्यता असते, आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.