एझेड९१ ची हीट ट्रीटमेंट: पोलादाच्या सवयी दाराबाहेर ठेवा

एम.टेक.च्या प्रोजेक्टला मॅग्नेशियम आलं तेव्हा वाटलं, बी.ई.ला पोलादावर हात बसलाय, इथे फार तर तापमान बदलेल. एझेड९१ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे सॅण्ड कास्टिंगचे (वाळूच्या साच्यात ओतलेले) तुकडे होते: साधारण ९ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्क्याच्या आत झिंक, किंचित मँगनीज. ४१३ अंश सेल्सिअसला १८ तास ठेवले, हवेत गार केले आणि हार्डनेस घेतला. तर ओतीव तुकड्यापेक्षा कमी! वही दाखवली तशी सर म्हणाले, "अरे, उतरायलाच हवा. आधी मायक्रोस्कोपखाली बघ."

पोलाद क्वेन्च केलं, म्हणजे तापवून झटकन गार केलं, की कडक होतं. इथे उलटं. ओतीव तुकड्यात ग्रेन बाउंड्रीवर (धातूच्या कणांमधल्या सीमांवर) ठिसूळ बीटा फेजची, म्हणजे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या संयुगाची, जाळी असते. ४३७ अंशांना मॅग्नेशियम १२.७ टक्के ॲल्युमिनियम पोटात घेऊ शकतं, खोलीच्या तापमानाला जेमतेम २ टक्के. म्हणून भट्टीत ती जाळी विरघळते. माझ्या नमुन्यात ग्रेन स्वच्छ दिसत होते, कुठेकुठे बीटाचे ठिपके उरलेले. हॅन्डबुकात ओतीव तुकड्याची ताणशक्ती १६५ मेगापास्कल, टी४ नंतर (म्हणजे ही जाळी विरघळवून गार केल्यावर) २७५. तुटण्याआधीची लांबण अडीच टक्क्यांवरून १५. यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) मात्र ९७ वरून ९०. मी नेमका हार्डनेसच धरून बसलो होतो.

मग १६८ अंशांना १६ तास एजिंग, म्हणजे विरघळलेला बीटा बारीक चकत्यांच्या रूपात परत बाहेर काढणं. टी४ वर हे केलं की टी६. यील्ड १४५ वर जातं, लांबण ६ टक्क्यांवर येते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंइतकी कमाई होत नाही, कारण बीटाच्या चकत्या बहुतेक बेसल प्लेनला (स्फटिकातल्या अणूंच्या तळथराला) समांतरच पडतात आणि त्याच प्लेनवरून घसरणाऱ्या डिसलोकेशन्सना (स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषांना) फारसं अडवत नाहीत.

दुसरी बॅच मी घाईत थेट तापलेल्या भट्टीत सारली. बाउंड्रीवरचं युटेक्टिक (सगळ्यांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण) विरघळण्याआधीच वितळलं, आत भोकं. तुकडे २६० अंशांना भरा, पुढे दोन तास हळूहळू चढवा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नमुन्याला चिकटून बांधा. आमच्या पॅनेलचा आकडा १२ अंशांनी खोटा निघाला.

भट्टीत सल्फर डायऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचं आवरण हवं. नायट्रेटच्या सॉल्ट बाथचं नावही काढू नका, स्फोट होतो. पेटलंच तर पाणी नाही, धातूच्या आगीसाठीची क्लास डी पावडर. भट्टीजवळची पाण्याची बादली मी त्याच दिवशी उचलून बाहेर ठेवली.

पॉलिशिंगला पाणी वापरलं की काळे डाग पडतात, शेवटचा हात इथेनॉलवर. एचिंगला (ग्रेन दिसावेत म्हणून पृष्ठभाग रसायनाने किंचित खाऊ देण्याला) पिक्रिक ॲसिडचं ॲसिटिक-पिक्रल छान चालतं, ग्रेन रंगांनी उठून दिसतात. फक्त बाटलीतलं पिक्रिक ॲसिड सुकलेलं दिसलं तर झाकणाला हात लावू नका, सुकलं की ते स्फोटक असतं; लॅब असिस्टंटला हाक मारा.